चपळ मुलगी संघात आली. आता पारखायचं काय?

जिल्ह्याच्या खो-खो संघाची यादी लागली की धाराशिवमध्ये जुन्या नावांपेक्षा नव्या नावाची चर्चा जास्त होते. कुठल्याशा तालुक्याच्या शाळेतून आलेली मुलगी असते. निवड चाचणीत तिला कुणी सहजासहजी शिवू शकलेलं नसतं. "पोरगी हाताला लागतच नाही," हे एक वाक्य गावभर फिरतं आणि पंधरा दिवसांत तिची तुलना थेट सारिका काळेशी सुरू होते. मग राज्य स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात ती चाळीस सेकंदांत बाद झाली, की तीच माणसं म्हणतात, "नुसती पळती ओ, खेळ कुठंय?"

हे दोन्ही निकाल घाईचे आहेत, आणि दोन्हींचा त्रास त्या मुलीलाच होतो. म्हणून हा लेख मैदानाच्या कडेला उभं राहून सामना बघणाऱ्यांसाठी आहे: चाहते, पालक, शाळेतले शिक्षक, कधीकाळी स्वतः खेळलेले दादा-ताई. माझं सांगणं एकच आहे. वेगामुळे निवड होते. खेळाडू टिकते ती वेगावरच्या ताब्यामुळे. वेग पहिल्या मिनिटात कुणालाही दिसतो. ताबा बघायला डोळा तयार करावा लागतो, आणि तो करता येतो.

आपल्याकडे या पारखीला वजन का आहे

खो-खो आपल्या जिल्ह्यात केवळ शाळेच्या तासाचा खेळ राहिलेला नाही. सारिका काळे इथलीच. २०१६ मध्ये गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोच्या वाट्याला दोन दशकांहून जास्त काळ हा पुरस्कार आला नसताना. तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. कर्णधार प्रियंका इंगळे शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मूळ गावाची.

या नावांमागे डॉ. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या प्रशिक्षकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आपल्या शहरात झाली, तेव्हा देशभरातले उत्तम खेळाडू आपल्या लोकांनी चार हातांवरून पाहिले. म्हणजे बघायला शिकण्याची संधी आपल्याला इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा जास्त मिळाली आहे.

दुसरी गोष्ट पोटाची आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी ठरावीक स्तरावरची कामगिरी लागते. कोरडवाहू शेतीच्या किंवा ऊसतोडीवर जाणाऱ्या घरातल्या मुलीसाठी संघातली जागा म्हणजे पुढच्या आयुष्याचा रस्ता असू शकतो. घरात लग्नाचा विषय निघालेला असतो. अशा वेळी "पोरीत दम नाही" हे गावातलं बोलणं घरापर्यंत पोचतं आणि तिथे निर्णय फिरवतं. तुमचं मत बिनवजनाचं नाही, म्हणून ते नीट बघून बनवा.

वेग म्हणजे नेमका कुठला वेग?

शाळेच्या क्रीडा महोत्सवात शंभर मीटरमध्ये पहिली आली, ही खो-खोसाठी चांगली खूण आहे, पण अपुरी आहे. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. दोन खांबांमधलं अंतर साधारण २४ मीटर. एवढं अंतर सरळ रेषेत पळायची वेळसुद्धा क्वचित येते. बहुतेक धावा चार-पाच पावलांच्या असतात आणि मग दिशा बदलावी लागते. शंभर मीटरची धावपटू साठाव्या मीटरला सर्वाधिक वेगात असेल, तर तो वेग खो-खोत कधी बाहेरच पडत नाही.

म्हणून पहिल्या तीन पावलांकडे बघा. खो मिळाल्यावर बसलेली मुलगी उठते, त्या क्षणी तिचं पहिलं पाऊल पुढे पडतं की जागेवर? पळणारी असेल, तर आक्रमक अंगावर आल्यावर ती एकदम सुटते, की वेग पकडायला तिला जागा लागते? मोबाइलवर हळू गतीची चित्रफीत काढली तर हा फरक घरबसल्या दिसतो. मोजायचंच असेल तर उभ्या स्थितीतून तीस मीटर धाव आणि दहा-दहा मीटरच्या उलटसुलट फेऱ्या, या दोन चाचण्या शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखून घेता येतात. ज्या मुलीची तीस मीटरची वेळ उत्तम आणि फेऱ्यांची वेळ साधारण, तिला अजून वळणं शिकायची आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ते शिकता येतं.

थांबणं, वळणं, हूल देणं

पळणाऱ्या खेळाडूची खरी परीक्षा थांबण्यात असते. खो-खोत आक्रमकावर मोठं बंधन आहे: एकदा दिशा घेतली की मध्येच मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो किंवा खो द्यावा लागतो. पळणारीवर मात्र हे बंधन नाही. बसलेल्यांच्या मधून ती कुठूनही जाऊ शकते. त्यामुळे हुशार पळणारी आक्रमकाला आधी एका दिशेला बांधते आणि मग उलटीकडून निघून जाते. हे करायला आधी थांबता यावं लागतं. जी मुलगी फक्त पळत राहते, ती आक्रमकांना हवं तसं खेळते. तिची दिशा आधीच कळते, पुढचा खो तयार असतो, आणि ती त्या हाताच्या पुढ्यातच येते.

हे बघताना तीन प्रश्न मनात ठेवा.

पहिला: ती दोन्ही बाजूंना सारखीच वळते का? बऱ्याच नव्या खेळाडूंची एक बाजू पक्की आणि दुसरी कच्ची असते. सामन्यात त्या सतत पक्क्या बाजूलाच हूल देतात. गावच्या स्पर्धेत ते खपतं. राज्य स्पर्धेत समोरचा प्रशिक्षक पहिल्याच पाळीत ते टिपतो आणि आक्रमण कच्च्या बाजूवर आणतो.

दुसरा: तिच्याकडे पळण्याचे किती प्रकार आहेत? एकेरी साखळीत बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी पळायचं असतं. कडी पद्धतीत दोन-चार बसलेल्यांभोवती फेर धरून आक्रमकाला गुंतवून ठेवायचं असतं. दमदार खेळाडू एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत न अडखळता जाते. नवी चपळ मुलगी बहुधा साखळीवर भर देते, कारण त्यात वेग उपयोगी पडतो. कडी खेळायला धीर लागतो, आणि तो अनुभवानं येतो.

तिसरा: तिची नजर कुठे असते? पळताना ती फक्त अंगावर येणाऱ्या आक्रमकाकडे बघत असेल, तर दोन घरं पुढे बसलेली, खो घ्यायला टपलेली खेळाडू तिला दिसत नाही. तिथेच ती बाद होते, आणि आपण म्हणतो की नशीब खराब.

वेळ वाचताना फसू नका

वर्तमानपत्रात छापून येतं: १.४० मि. संरक्षण व ३ गडी. म्हणजे एक मिनीट चाळीस सेकंद टिकली आणि आक्रमणात तिघींना बाद केलं. या आकड्यांवरून लोक खेळाडू तोलतात. आकडा खरा असतो, पण अर्धा असतो.

पारंपरिक खो-खोत पळणाऱ्या तिघींच्या तुकडीने मैदानात उतरतात. आक्रमक एका वेळी बहुतेक एकीच्याच मागे असतात. समजा एक मुलगी तीन मिनिटं टिकली, पण त्यातली दोन मिनिटं आक्रमण तिच्या जोडीदारणीवर चाललं होतं आणि ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. दुसरी एक मिनीट वीस सेकंदांत बाद झाली, पण तो सगळा वेळ आक्रमण तिच्यावरच होतं. कागदावर पहिली मोठी दिसते. संघासाठी कदाचित दुसरीनं जास्त केलेलं असतं, कारण तिनं समोरच्या संघाचं एक मिनीट वीस सेकंद संपवलं आणि त्यांना दमवलं. एकूण संरक्षणापेक्षा पाठलागाखाली काढलेला वेळ मोजा. मोबाइलवरचं घड्याळ तिच्यावर आक्रमण आलं की सुरू करा आणि आक्रमण दुसरीकडे वळलं की थांबवा. दोन सामन्यांत तुमच्या हाती असा आकडा येईल, जो कुठल्याही बातमीत नसतो.

ती कितव्या तुकडीत उतरते हेही बघा. पहिल्या तुकडीत शक्यतो भक्कम पळणाऱ्या असतात आणि त्यांच्यासमोर ताजेतवाने आक्रमक असतात. वरिष्ठ गटात पाळी नऊ मिनिटांची असते. सातव्या मिनिटाला उतरलेल्या खेळाडूला अनेकदा फक्त घड्याळ संपवायचं असतं. तिथली नाबाद दोन मिनिटं आणि पहिल्या तुकडीतली दोन मिनिटं एका तराजूत घालू नका.

बाद होण्याचं कारणही आकड्याइतकंच बोलतं. खांबाजवळ आक्रमकानं मारलेल्या सुरामुळे बाद होणं म्हणजे त्या आक्रमकाचं कौशल्य. मैदानाची हद्द सोडून बाहेर गेल्यानं बाद होणं म्हणजे स्वतःचा वेग आवरला नाही. तुकडी उतरताना उशिरा प्रवेश केल्यानं बाद होणं म्हणजे लक्ष नव्हतं. पहिल्या हंगामात नवी मुलगी हद्द सोडून दोन-तीनदा बाद झाली तर घाबरू नका. वेगवान खेळाडूंचं हे नेहमीचं दुखणं आहे. तिसऱ्या-चौथ्या स्पर्धेतही तेच होत असेल, तर प्रश्न विचारायला हवा.

अर्धा सामना बसून खेळायचा असतो

"हाताला लागत नाही" या कौतुकात सामन्याचा अर्धा भाग राहून जातो. निम्मा वेळ ती आक्रमणात असते, आणि आठ जणी चौकात बसलेल्या असतात, आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून. तिथे वेगाइतकंच महत्त्व खो कधी द्यायचा याला आहे.

चपळ मुलीची सवय अशी असते: पाठलाग सुरू केला की स्वतःच शिवायचं. दोन पावलांत हात लागेल असं तिला वाटतं, ती आणखी दोन पावलं धावते, आणि तेवढ्यात पळणारी बाजू बदलून जाते. मुरलेली आक्रमक वेळेआधी खो देते, पळणारीला हवी तिथे ढकलते आणि शेवटचा हात दुसरीला मारू देते. म्हणून तिनं किती गडी बाद केले याबरोबर तिनं दिलेल्या खोवर किती बाद झाले, हेही मोजा. तिचे फाउलही मोजा: आधीच उठणं, खांद्याची दिशा बदलणं, मधल्या पाटीवर पाय पडणं. वेगाच्या भरात होणारे हे फाउल आक्रमणाची लय तोडतात.

तिला कुठे बसवलं आहे, यावरून प्रशिक्षकाचं मत कळतं. खांबाजवळच्या घरात बहुतेक सूर मारणारे आणि लांब हाताचे खेळाडू बसतात. मधल्या घरांत ज्यांचा खो वेळेवर येतो असे. नव्या मुलीला हंगामाच्या मध्यावर मधल्या घरातून खांबाकडे हलवलं, तर समजा तिच्या खेळात काहीतरी भरवशाचं दिसलं आहे.

सूर मारण्याची किंमत लीगच्या खेळात तर उघड दिसते. सप्टेंबर २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना पुण्यात बालेवाडीला झाला. ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धाजला ४६-४५ असं एका गुणानं हरवलं. शेवटचे काही सेकंद उरले असताना सूरज लांडेनं सूर मारून गडी बाद केला आणि तीन गुण मिळवले. पायातला वेग त्याला तिथपर्यंत घेऊन गेला असेल. सामना जिंकला तो उडी कधी मारायची हे कळल्यामुळे.

बेसबॉलवाल्यांकडून एक धडा

अमेरिकेत बेसबॉलचे संघ दरवर्षी ड्राफ्टमधून तरुण खेळाडू निवडतात आणि तिथले चाहतेही असेच वेगवान पोरावर भाळतात. मैदानाच्या लांबच्या भागात, आउटफिल्डमध्ये, उंच आलेला चेंडू धावत जाऊन झेलणाऱ्या खेळाडूला वेग लागतोच. पण तिथले पारखी पाच गोष्टी वेगवेगळ्या तोलतात: चेंडू बॅटवर घेणं, ताकद, धावणं, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येकीला वीस ते ऐंशीच्या मापावर स्वतंत्र गुण. धावण्यात ऐंशी असले तरी बाकी चार वेगळे लिहावे लागतात.

बिली हॅमिल्टन हे त्याचं ठसठशीत उदाहरण. २००९ मध्ये सिनसिनाटी रेड्स संघानं त्याला घेतलं. २०१२ मध्ये खालच्या पातळीवरच्या सामन्यांत एका मोसमात त्यानं १५५ बेस चोरले, म्हणजे चेंडू मारला गेला नसताना धावत पुढचा बेस गाठला, आणि तो विक्रम ठरला. पुढे मुख्य लीगमध्ये तो आउटफिल्डमध्ये उभा राहिला, झेल उत्तम घेतले, २०१४ मध्ये ५६ बेस चोरले. पण फलंदाजीत तो फार वर गेला नाही. बेस चोरायला आधी पहिल्या बेसवर पोचावं लागतं, आणि तो पहिला बेस चोरता येत नाही. तो बॅटनं किंवा संयमानं मिळवावा लागतो. त्यामुळे त्याच्या वेगाला जेवढी संधी मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही. तरीही तो वर्षानुवर्षं मुख्य लीगमध्ये खेळला, हेही लक्षात ठेवायला हवं. वेगानं त्याला जागा दिली; मोठेपण उरलेल्या गोष्टींवर अडलं.

आपल्याकडेही असंच वेगवेगळं लिहा. पहिली तीन पावलं, वळणं, पळतीतला धीर, खोची वेळ, सूर. पाच रकाने. एकाच रकान्यावर मत देऊ नका.

माती, मॅट आणि लीग

आपल्या बहुतेक शाळांत आणि गावच्या स्पर्धांत खेळ मातीवर होतो. पावसाळ्यानंतरची ओलसर काळी माती, उन्हाळ्यातली भेगाळलेली जमीन, कुठे मुरूम टाकून दाबलेलं मैदान. प्रत्येक ठिकाणी पाय वेगळा पडतो. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि मॅटवर बूट घट्ट धरतो. मातीवर थांबताना पाय थोडा घसरतो, शरीराला त्याची सवय झालेली असते. मॅटवर तो घसरत नाही. त्यामुळे गुडघ्यावर आणि घोट्यावर एकदम भार येतो. मातीवर पटकन वळणारी मुलगी मॅटवर पहिल्या महिन्यात अडखळत दिसेल. तिची पारख करण्याआधी तिला मॅटवर सराव मिळालाय का, आणि पायात नीट बूट आहेत का, एवढं विचारा.

मुलींमध्ये गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा जास्त प्रमाणात होते, आणि ती एकदम थांबताना, वळताना, उडीवरून उतरताना होते. म्हणजे नेमक्या खो-खोच्या हालचालींत. गुडघा सुजला, पाय टाकताना लचकल्यासारखं वाटलं, तर "पट्टी बांध अन् उतर" असं म्हणू नका. डॉक्टरला दाखवा. एका सामन्यासाठी पुढची पाच वर्षं जाऊ शकतात.

खेळाचा नवा प्रकारही समजून घ्या. अल्टिमेट खो-खोमध्ये पाळी सात मिनिटांची असते. नेहमीच्या गड्याला दोन गुण, सूर मारून टिपलेल्याला तीन. वझीर नावाचा आक्रमक कुठल्याही दिशेला पळू शकतो. पळणाऱ्यांची तुकडी ठरावीक वेळेहून जास्त टिकली, तर संरक्षण करणाऱ्या संघालाही गुण मिळतात. विश्वचषकही याच जलद वळणाचा होता. त्यामुळे वेगवान खेळाडूचं मोल वाढलं आहे, पण त्याबरोबर वझीराला चुकवणं हे नवं कामही आलं आहे. दिशा बदलू न शकणाऱ्या आक्रमकाला बांधून ठेवायची सवय असलेल्या पळणारीला वझीरासमोर नवा विचार करावा लागतो. लीगचे पहिले दोन हंगाम पुरुषांचे झाले, तरी मुली या प्रकारात विश्वचषक खेळल्या आहेत. लीगच्या संघांनी ड्राफ्टमधून आपल्या भागातला मुलगा घेतला, तर पहिल्या हंगामात तो बाकावर बसला म्हणून "घेतला कशाला" असं म्हणू नका. मोठ्या संघात बसून बघणं हाही सराव असतो.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप हे तरुण मुलांना दाखवायला चांगलं उदाहरण आहे. चेन्नई क्विक गन्सकडून तो लीगमध्ये खेळला आणि विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. त्याच्या चित्रफिती बघताना तो किती वेगात पळतो यापेक्षा वेग कुठे कमी करतो, हे मुलांना दाखवा.

वयाचा हिशेब सोडू नका

किशोरी गट चौदा वर्षांखालचा, मुलींचा गट अठरा वर्षांखालचा, त्यानंतर महिला. चौदाच्या आत ज्या मुलीची उंची आणि ताकद लवकर वाढते, ती बरोबरीच्या मुलींपेक्षा सहज वेगवान वाटते. पुढच्या दोन वर्षांत बाकीच्या तिला गाठतात. मग लोक म्हणतात, पोरगी घसरली. ती घसरलेली नसते. बाकीच्या वाढलेल्या असतात. याउलट अचानक उंची वाढलेल्या मुलीचा तोल काही महिने जातो, वळताना पाय अडखळतात. त्या महिन्यांत तिला संघातून काढायची घाई करू नये.

किशोरी गटातल्या खेळाडूचं मत बनवताना म्हणून वेगाला कमी आणि शिकण्याला जास्त गुण द्या. एका स्पर्धेत जी चूक झाली, ती पुढच्या स्पर्धेत कमी झाली का? प्रशिक्षकानं ओरडून सांगितलेलं पुढच्या पाळीत मैदानावर दिसतं का? चौदा वर्षांच्या मुलीत याहून मोठी खूण नाही.

एक वही ठेवा

नव्या खेळाडूसाठी साधी वही करा. प्रत्येक सामन्याला एक पान. वर स्पर्धेचं नाव, गट, मैदान मातीचं की मॅटचं, समोरचा संघ. खाली पाच ओळी: पाठलागाखाली काढलेला वेळ, बाद होण्याचं कारण, स्वतः बाद केलेले गडी आणि तिच्या खोवर बाद झालेले गडी, फाउल, आणि शेवटच्या पाळीत, दम लागल्यावर, तिची वळणं कशी होती याबद्दल एक वाक्य. शाळेच्या तालुका स्पर्धेपासून विभागापर्यंत, किंवा जिल्हा संघटनेच्या चाचणीपासून राज्य स्पर्धेपर्यंत ही पानं भरत न्या.

पाच-सहा सामने झाल्याशिवाय मत बोलू नका. तेवढी पानं झाली की तिच्या खेळाची दिशा कळू लागते. पाठलागाखालचा वेळ हळूहळू वाढतोय, हद्द सोडून बाद होणं कमी झालंय, तिच्या खोवर गडी पडू लागलेत, असं दिसलं तर स्पर्धेत पदक मिळालं नसलं तरी मुलगी योग्य वाटेवर आहे. आकडे जागच्या जागी असतील तर वही प्रशिक्षकाला दाखवा. तक्रार करू नका. विचारा की यात काय करता येईल. चांगल्या प्रशिक्षकाला असा बघणारा हवाच असतो.

सत्कारापेक्षा जास्त उपयोगाचं

निवड झाली की डिजिटल फलक लागतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात. आनंद साजरा व्हावा, त्यात काही वाईट नाही. पण सारिका काळेनं स्वतः सांगितलं आहे की अनेक वर्षं तिला दिवसातून एकदाच पोटभर जेवण मिळे, आणि खास आहार शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावरच मिळे. घरच्या ओढाताणीत खेळ सोडायचा विचारही तिच्या मनात येऊन गेला होता. तेराव्या वर्षी खेळायला लागलेल्या मुलीला अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचायला साधारण दीड दशक लागलं. या काळात तिला पहिल्या दोन सामन्यांवरून मोजलं असतं, तर काय झालं असतं?

म्हणून गावानं, तालमीनं, मंडळानं नव्या खेळाडूसाठी चार गोष्टी कराव्यात. रोज अंडी, दूध, शेंगदाण्याचा लाडू किंवा डाळ यांपैकी जे जमेल ते हंगामभर मिळेल याची जबाबदारी कुणीतरी घ्यावी. बूट आणि गुडघ्याचे पट्टे घ्यावेत. सरावाला आणि स्पर्धेला जायचं एसटीचं भाडं द्यावं, आणि संध्याकाळी उशीर झाला तर घरी सोडायची सोय करावी. यावरच अनेक मुलींचा सराव सुटतो. आई-वडील तोडणीवर गेले असतील तर तिच्या आजीला किंवा मामाला महिन्यातून एकदा भेटून विचारपूस करावी. यात एका फलकाच्या खर्चाहून फार जास्त जात नाही.

आणि बोलण्याचं पथ्य पाळावं. पहिल्या हंगामात तिला कुणाची वारसदार म्हणू नका, आणि कुणासारखी नाही असंही म्हणू नका. मैदानावर मोठ्यानं चुका सांगू नका. त्या प्रशिक्षकाला सांगा. हरल्यावर तिच्याशी पहिलं बोलणं जेवलीस का, पाय दुखतोय का, यांवर होऊ द्या.

येत्या मोसमात तुमच्या तालुक्याच्या संघात अशी एखादी चपळ मुलगी आली, तर घड्याळ आणि वही घेऊन मैदानावर जा. तिच्या पहिल्या तीन पावलांपासून शेवटच्या पाळीतल्या वळणापर्यंत नीट बघा, आणि पूर्ण एक हंगाम जाऊ द्या. मग जे मत द्याल ते निवड समितीसमोर, तिच्या घरच्यांसमोर आणि तिच्यासमोरही ठामपणे मांडता येईल. धाराशिवनं देशाला कर्णधार आणि विश्वविजेती दिली आहे. पुढचीला ओळखणारी माणसंही इथेच तयार व्हायला हवीत.